एक लाख तांदूळ



मुलांनो, तुमची नाटकं व्हायची आहेत, काहींचे चेहरे रंगवूनही झालेत. म्हणून एका घराची गोष्ट सांगतो आणि बसतो.

बडोद्याला नरहरराव भावे राहत. शास्त्रात, प्रयोगांत रमणारा माणूस. पत्नी रुक्मिणीबाई. मूळ गाव पेण तालुक्यातलं गागोदे. थोरला विनायक तिथेच १८९५ साली जन्मला. आपण त्यांना विनोबा म्हणतो. आई मात्र विन्या म्हणायची.

रुक्मिणीबाईंनी एकदा देवाला एक लाख तांदूळ वाहायचा संकल्प केला. रोज मूठभर तांदूळ घ्यायचे आणि एकेक दाणा मोजून वाहायचा. नरहररावांनी सुचवलं, एका तोळ्यात किती दाणे बसतात ते मोज, त्यावरून लाखाचं वजन काढ. कमी पडायची भीती वाटली तर अर्धा तोळा जास्त घाल. हिशेब चोख होता. रुक्मिणीबाईंना उत्तर सुचेना. संध्याकाळी त्यांनी विन्यालाच विचारलं. त्याचं आवडतं गणित, पण तो म्हणाला की हे नुसतं मोजणं नाही, प्रत्येक दाण्याबरोबर देवाची आठवण होते, तेव्हा एकेकच वाहा.

पालकहो, या गोष्टीत मला सगळ्यांत मोठं वाटतं ते आईचं विचारणं. आपली श्रद्धा बरोबर की चूक, हे तिने स्वतःच्या मुलाला विचारलं. 'मोठ्यांच्या गोष्टीत बोलू नकोस' असं त्या घरात कुणी म्हणालं नाही.

पुढे तिला गीता समजून घ्यायची होती. संस्कृत येईना, मराठी भाषांतरही जड जाई. ती विन्याला म्हणाली, तूच का लिहीत नाहीस? १९१८ साली ती गेली. विनोबांनी लिहायला घेतलं १९३० मध्ये. सातशे श्लोक, श्लोकाला श्लोक, प्रत्येक शब्द तोलून. त्यात मला वडिलांचा काटेकोरपणा दिसतो आणि आईचा एकेक दाणाही. जिच्यासाठी लिहिलं तिला ते वाचायला मिळालं नाही. पुस्तकाचं नाव मात्र 'गीताई' आहे.

आमच्याही घरी असे दोघं होते. वडील देवळात जात नसत. पण दर एकादशीला आईला सायकलवर डबलसीट नेत आणि ती बाहेर येईपर्यंत पायरीवर बसून राहत. त्यावरून त्या दोघांत कधी वाद झालेला मला आठवत नाही. आई गेल्यावरही त्यांची एकादशी चुकली नाही. सायकल काढायचे, पायरीवर तेवढाच वेळ बसायचे आणि परत यायचे.

एका एकादशीला मी त्यांच्याबरोबर गेलो. त्यांनी मला काही सांगितलं नाही, मीही काही विचारलं नाही. चपला काढून मी आत गेलो. बाहेर आलो तेव्हा ते पायरीवर बसले होते, माझ्या चपला शेजारी घेऊन.