आधी पाणी, मग गाव
(आपल्या १९९६च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील नव्या संधी' असा विषय दिला होता. त्यावर बोलले असते तर मागच्या रांगेतले पूर्वीसारखेच झोपले असते. म्हणून मी एका खेळावर बोलणार आहे. गणिताच्या सरांनी लगेच कपाळाला हात लावू नये. शेवटी मी आपल्या शाळेपाशीच येणार आहे.

खेळाचं नाव 'सिव्हिलायझेशन'. सिड मायर यांनी १९९१ साली तो पहिल्यांदा आणला. त्याची सहावी आवृत्ती २०१६ची. मे २०२० मध्ये, आपण सगळे घरात कोंडलेले असताना, ती काही दिवस फुकट मिळत होती. माझ्या मुलाने ती उतरवून घेतली आणि मला नाद लागला. मग आपल्याच वर्गातले दोघं सामील झाले. एक दुबईत असतो, एक जालन्यात बियाणे कंपनीत आहे, आणि मी पुण्यात. शनिवारी रात्री आम्ही ऑनलाइन खेळतो. त्या दोघांची नावं सांगत नाही, त्यांच्या बायका समोर बसल्या आहेत.

सुरुवातीला तुमच्याकडे एक वसाहतकार असतो. त्याने गाव वसवायचं, मग शेती, खाणी, विद्या, सैन्य वाढवत चंद्रापर्यंत जायचं. प्रत्येक पाळीला एकच प्रश्न समोर असतो. नवीन गाव वसवू, की आहे त्या गावात धान्याचं कोठार, ग्रंथालय, बाजार बांधू?

पहिल्या काही डावांत मी नुसती गावं वसवत सुटले. एका डावात माझी नऊ गावं होती, जालनेकराची पाच. नकाशावर सगळीकडे माझाच रंग. मी खूश! पण नवीन वसाहतकार तयार झाला की मूळ गावाची लोकसंख्या एकाने घटते, आणि प्रत्येक पुढचा वसाहतकार आधीच्यापेक्षा महाग पडतो. माझं एकही गाव धड वाढलं नव्हतं, कुठंही विद्यापीठ नव्हतं. त्याच्या बंदुका आल्या तेव्हा माझे लोक अजून धनुष्यबाण घेऊन उभे होते. त्या रात्री तो बराच वेळ हसला.

मी इंजिनिअर, त्यामुळे हरल्यावर नियम वाचायला बसले. तेव्हा लक्षात आलं की हा पेच खेळ बनवणाऱ्यांनाही सोपा गेलेला नाही. सुरुवातीच्या आवृत्तीत खेळाडू मिळेल त्या जागी गाव टाकत सुटायचे आणि जिंकायचे. २००५च्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक गावाचा देखभाल खर्च लावला, गावांची संख्या आणि राजधानीपासूनचं अंतर वाढेल तसा तो वाढे. २०१०च्या पाचव्या आवृत्तीत गावं वाढली की सगळ्या राज्याची प्रजा नाखूश होऊ लागली. मग लोक चार गावांवर अडून बसले. सहाव्या आवृत्तीत पुन्हा मोकळीक दिली. म्हणजे विस्तार वाईट असा निकाल कुणीच दिलेला नाही. प्रश्न 'किती' याच्याइतकाच 'केव्हा' आणि 'कशाच्या जोरावर' हाही आहे.

या सहाव्या आवृत्तीतला एक नियम वाचून मी थांबले. गाव नदीकाठी, गोड्या पाण्यापाशी वसवलं तर सुरुवातीला ५ वस्त्यांची सोय होते. समुद्रकाठी ३. पाणी नसेल तिथं फक्त २. त्या मर्यादेजवळ आलं की भोवती कितीही सुपीक जमीन असो, गावाची वाढ मंदावते. पाटाने पाणी आणलं की पुढं सरकता येतं. हा नियम कुठल्या परदेशी ऑफिसात बसून लिहिला असेल, पण मला वाटलं, लिहिणारा आपल्या जालन्याचाच असावा.

आता जे सांगणार आहे ते यापूर्वी मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या आप्पांची दोन एकर मोसंबी होती. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती चोरून खाल्ली आहे. एक विहीर, दोन एकर बाग, हिशेब बसलेला. २००६ साली मला चांगली नोकरी लागलेली होती. सुट्टीत घरी आले तेव्हा शेजारचं चार एकर विकायला निघालं होतं. मी लॅपटॉपवर एक्सेलमध्ये तक्ता मांडला. दोन एकराचं सहा एकर केलं तर उत्पन्न तिप्पट. आप्पा म्हणाले, "विहीर तर एकच हाय." मी म्हणाले, "बघू नंतर, बोअर घेऊ." माझ्या तक्त्यात झाडं होती, खत होतं, मजुरी होती, बाजारभाव होता. पाण्याचा रकाना नव्हता.

पैसे मी दिले, उरलेल्याचं कर्ज काढलं. मोसंबीला फळ धरायला चार-पाच वर्षं जातात. नव्या बागेला जेमतेम पहिला बहार आला आणि २०१२चा पाऊस गेला. तीन बोअर घेतले, तिन्ही कोरडे. टँकरने पाणी घातलं. आहे ते पाणी सहा एकरांत वाटलं, त्यामुळे कुणालाच पुरलं नाही. २०१३च्या उन्हाळ्यात नवी झाडं तर गेलीच, वीस वर्षांची जुनी बागही वाळली. त्या वर्षी आपल्या जिल्ह्यात किती बागांवर कुऱ्हाड चालली, हे तुम्हाला मी सांगायला नको. आप्पांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. सरपण मात्र दोन वर्षं पुरलं.

त्याच दुष्काळात जालना तालुक्यातल्या कडवंचीत द्राक्षाच्या बागा तगल्या होत्या. ते गाव काही वेगळ्या आभाळाखाली नाही. फरक क्रमाचा होता. नव्वदच्या दशकात तिथं इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीनं, गावकऱ्यांनी आधी माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती केली. पाणी मुरवलं. मग द्राक्षं लावली, ती ठिबकवर. मग शेततळी खोदली. बाग वाढत गेली, पण पाण्याच्या मागून. आम्ही बाग पुढं पळवली आणि पाण्याला म्हणालो, ये मागून.

आठवीत आपली सहल असईला गेली होती. २३ सप्टेंबर १८०३ची लढाई जिथं झाली ते, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातलं गाव. आपलं लक्ष डब्यांकडे होतं. इतिहासाचे सर मात्र १८०३ सोडून १७५८वर बोलत होते. "अटकेपार गेलो हे पाठ आहे तुम्हाला," ते म्हणाले, "पण पुढच्याच वर्षी पंजाब हातून गेला, हे कुणी सांगत नाही. जाणं एक, टिकणं एक." सर, तेव्हा मी तुमच्याकडे बघत नव्हते, पण ऐकत होते.

आता शाळेपाशी येते. आपल्या बॅचने निधी जमवला आहे. त्यातून नवं सभागृह बांधावं, दारावर '१९९६ बॅच'ची पाटी लावावी, असा प्रस्ताव आज दुपारी येणार आहे. पाटी मलाही आवडेल. पण सकाळी मी शाळेतून चक्कर मारून आले. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही. संगणक कक्षात अकरा संगणक आहेत, चालू चार. ग्रंथालयाला कुलूप आहे, कारण पुस्तकं द्यायला माणूस नाही. यात मुख्याध्यापकांचा दोष नाही. वस्तू देणारे देतात आणि निघून जातात, चालवायचा खर्च शाळेवर पडतो.

सभागृह हे आपलं दहावं गाव आहे. त्याला झाडणारा, रंगवणारा, वीजबिल भरणारा कोण, हा रकाना प्रस्तावात नाही. तो रकाना एकदा मी मोकळा सोडला होता.

म्हणून माझी विनंती आहे. यंदा टाकी, नळ आणि मोटार. संगणकांची दुरुस्ती. आणि ग्रंथालयातल्या माणसाचं पाच वर्षांचं मानधन. निधीतून उरेल ते देखभालीसाठी ठेवू. माझा वाटा मी त्यासाठीच देते, आणि दर वर्षी देईन. पाच वर्षांनी पट वाढला, वर्ग अपुरे पडू लागले, तर सभागृहाची पहिली वीट मी स्वतः आणीन.

आप्पा आता अठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मागच्या वर्षी त्यांनी शेततळं केलं आणि पुन्हा मोसंबी लावली. मी फोनवर विचारलं, "किती लावली?"

म्हणाले, "दीड एकर. तळ्याला ईचारून लावली."