गारगोटीची पाती आणि उद्योगाचा आरंभ

(शिवाजी पेठ, कोल्हापूर येथे प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिवाजी पेठेच्या पश्चिमेस रंकाळा पसरला आहे. आज जेथे पाणी आहे तेथे पूर्वी दगडाची मोठी खाण होती, असे परंपरा सांगते. ह्या परंपरेत इतिहास किती व आख्यायिका किती, हा वाद येथे बाजूस ठेवता येईल. तीत एक गोष्ट मात्र मार्मिक आहे. दगडाचे देऊळ होते आणि ते डोळ्यांत भरते. ज्या खड्ड्यातून दगड निघाला तो पाण्याने भरतो आणि लोक त्यास विसरतात. मानवाच्या उद्योगाचा इतिहासही पुष्कळदा असाच सांगितला जातो. पाठ्यपुस्तकात अश्मयुगाचा माणूस येतो तो हाती दगडी कुऱ्हाड घेऊन, शिकारीच्या मागे धावत. ती कुऱ्हाड कोणत्या दगडाची, तो दगड कोठून आणला, कोणी फोडला, फोडणाऱ्यास ती विद्या कोणी दिली, हे प्रश्न मुलांपुढे क्वचितच ठेवले जातात. उद्योग म्हणून जे काही म्हणतात त्याचा आरंभ तर नेमका ह्याच प्रश्नांत आहे.

सर्व दगड सारखे नसतात, हे आदिमानवास फार लवकर कळले. कोल्हापूरचा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बनलेला. देवळाच्या खांबास व जात्याच्या तळीस तो उत्तम. परंतु मांस कापावयास किंवा कणीस खुडावयास जी बारीक, तीक्ष्ण धार लागते, ती ह्या भरड दगडास सहसा येत नाही. तशी धार येते ती गारगोटीस. लाव्हारस निवताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत पाण्याबरोबर सिलिका झिरपून साचली आणि गारगोटी, अकीक असे दगड घडले. हे दगड काचेसारखे फुटतात आणि फुटताना धार देतात. भुदरगड तालुक्याच्या मुख्य गावाचेच नाव गारगोटी असल्यामुळे ह्या जिल्ह्यातील मुलांस हा शब्द समजावून सांगण्याचे कारण नाही. युरोपातील चकमकीचा दगड ह्याच कुळातील. तो तेथील पांढऱ्या खडूच्या थरांत सापडतो.

त्या दगडासाठी माणसाने जमिनीत किती खोल शिरावे? इंग्लंडच्या नॉर्फक परगण्यात ग्राइम्स ग्रेव्ह्ज नावाची जागा आहे. तेथील माळावर चारशेहून अधिक खळगे दिसतात. ग्रिम ह्या जुन्या देवतेचे ते काम, असा पूर्वी लोकांचा समज होता; आपल्याकडे कोणतेही लेणे पांडवांच्या नावावर जमा होते, त्यातलाच हा प्रकार. विल्यम ग्रीनवेल ह्या पाद्र्याने १८६८ ते १८७० ह्या काळात एक खळगा तळापर्यंत उकरला, तेव्हा त्या खाणी असल्याचे सिद्ध झाले. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी माणसे येथे चाळीस फुटांपर्यंत खाली उतरत होती. हत्यार म्हणजे सांबराच्या जातीच्या हरणाचे शिंग. वाटेत चकमकीचे दोन थर लागत, पण खाणकरी ते ओलांडून तिसऱ्या थराकडे जात, कारण उत्तम काळा, निर्दोष दगड तेथे मिळे. तळाशी पोचल्यावर चहूबाजूंस आडवी भुयारे काढीत. वर पडलेल्या दगडाने काम भागले असते, तरी चांगल्या मालासाठी एवढे कष्ट उपसले गेले. मालाची पारख करणारा आणि पारखीसाठी श्रम मोजणारा हा माणूस रानटी म्हणून सोडून देता येत नाही.

दख्खनमध्ये एवढ्या खोल उतरण्याची वेळ सहसा आली नाही. डोंगर झिजतात, गारगोट्या सुटतात आणि नद्या त्या वाहून काठावर आणून टाकतात. तरीही दगडाच्या जागी जाऊन वसण्याची रीत येथे अतिप्राचीन आहे. कर्नाटकातील हुणसगी खोऱ्यात इसामपूर येथे डेक्कन कॉलेजचे प्रा. के. पद्दय्या यांनी १९९७ पासून काही वर्षे उत्खनन केले. चुनखडीच्या लाद्या जेथे उघड्या पडल्या होत्या तेथेच बसून माणसांनी हातकुऱ्हाडी घडविल्या होत्या; फोडलेल्या लाद्या, हातोड्याचे गोटे आणि छिलके जागच्या जागी पडून होते. ह्या कारखान्याचे वय सुमारे १२ लक्ष वर्षे काढण्यात आले आहे.

महाराष्ट्रातील इनामगावची हकीकत ह्याहून अधिक जवळची. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी हे गाव. १९६८ ते १९८३ ह्या काळात डेक्कन कॉलेजने येथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० च्या सुमारास येथे शेतकऱ्यांची वस्ती होती. त्यांस तांबे ठाऊक होते, पण ते दुर्मीळ व महाग. म्हणून रोजच्या कापणी-सोलणीची हत्यारे गारगोटीचीच. ती करण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. प्रथम गारगोटीच्या गोट्याच्या एका कडेस दोन्ही बाजूंनी लहान लहान टवके काढून सरळ शीर उभी करावयाची. मग त्या शिरेच्या टोकावर नेमका दाब किंवा आघात दिला की तिच्या रोखाने लांब, पातळ पाते सुटे. त्याच्या मागे राहिलेल्या कडांच्या आधाराने दुसरे, तिसरे. उरलेल्या गाभ्यावर पन्हळीसारख्या उभ्या खुणा दिसतात. अशी पाती ओळीने लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत डिंकाने बसविली की विळा तयार. एखादे पाते बोथट झाले तर तेवढेच बदलावयाचे; गाडीच्या चाकाचा एक आरा मोडला म्हणून कोणी चाक टाकीत नाही, तसेच हे. सारख्या मापाचे, बदलता येणारे भाग करणे ही आधुनिक कारखान्याची कल्पना मानतात. तिचे मूळ रूप घोडेच्या काठी तीन हजार वर्षांपूर्वी रोजच्या वापरात होते. त्याच गावात कुंभार, सोनार, चुना भाजणारा ह्यांची घरे पश्चिमेच्या बाजूस एकत्र आढळली. पुढे बलुतेदारीत जी कामाची वाटणी दिसते तिची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

आता शिक्षकांच्या विशेष आवडीची गोष्ट. फ्रान्समध्ये सेन नदीकाठी एत्योल येथे सुमारे १५,००० वर्षांपूर्वीची वस्ती मिळाली. संशोधकांनी तेथील छिलके गोळा करून, फुटलेल्या पाटीचे तुकडे जुळवावेत तसे, मूळ गोट्यावर पुन्हा बसविले. त्यावरून प्रत्येक घाव कोणत्या क्रमाने पडला हे कळले. चुलीजवळ पडलेले काम सफाईदार, एकही घाव वाया न गेलेले. चुलीपासून जसजसे दूर जावे तसतसे काम ओबडधोबड. दूरच्या जागी हलक्या प्रतीचा किंवा कसबी हातांनी टाकून दिलेला दगड वापरलेला, घाव चुकीच्या कोनात, गोटा मध्येच फुटलेला. ह्याचा अर्थ उघड आहे: मध्ये जाणते बसत आणि कडेस शिकाऊ मुले. चांगला दगड त्यांच्या हाती लगेच देत नसत, पण फोडू मात्र देत. मुलांच्या चुका पंधरा हजार वर्षे टिकल्या म्हणून तेथे शिक्षण होत होते हे आज कळते. कोऱ्या, स्वच्छ वह्यांची फार हौस असलेल्या परीक्षकांनी ह्याचा थोडा विचार करावा.

ह्या उद्योगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गुजरातेत रतनपूरच्या खाणींतील अकीक खंबातेस जातो, तापवून त्यास तांबडा रंग आणतात आणि त्याचे मणी घडतात. ही हडप्पाकाळापासूनची परंपरा आहे. परंतु दगड घासताना उडणारी सिलिकेची बारीक धूळ फुप्फुसांत बसते, सिलिकोसिस जडतो आणि कारागीर अकाली मरतात. ग्राइम्स ग्रेव्ह्जजवळच्या ब्रँडन गावी बंदुकांसाठी चकमकी फोडणाऱ्यांचेही असेच झाले. मण्यांची माळ वर्गात दाखविताना ही गोष्ट वगळू नये.

हा सारा इतिहास ज्या पुराव्यावर उभा आहे तो म्हणजे टाकाऊ कपच्या, आणि तो फार सहज नाहीसा होतो. बळ्ळारीजवळ कुपगलच्या टेकड्यांत नवाश्मयुगीन लोक काळ्या डोलेराइटच्या कुऱ्हाडी मोठ्या संख्येने घडवीत. ह्या शतकाच्या आरंभी त्याच टेकड्यांवर आधुनिक दगडखाणींचे सुरुंग उडू लागले आणि संशोधकांस त्याविरुद्ध आवाज उठवावा लागला. कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले म्हणून सातवाहनकाळचे नगर समजले. त्या टेकाडातून आलेली पोसायडनची काशाची मूर्ती पाहावयास टाउन हॉलच्या संग्रहालयात लोक जातात. मणी व खापरे ह्यांस मात्र तेवढी कीर्ती लाभली नाही. गावोगावच्या पांढरीची माती शेतात खत म्हणून गाड्या भरभरून गेली आहे. तिच्याबरोबर काय गेले ह्याची नोंद कोठेच नाही.

गावात अशी वस्तू प्रथम सापडते ती बहुधा गुराख्यास, नांगरणाऱ्यास किंवा शाळेतील मुलास, आणि ती दाखविली जाते गुरुजींस किंवा बाईंस. म्हणून ओळखण्याची खूण ठाऊक असलेली बरी. नदीत आपोआप फुटलेल्या गारगोटीस वेडेवाकडे तडे असतात. माणसाने काढलेल्या छिलक्याच्या आतील अंगास, आघात झाला त्या टोकाजवळ, लहानसा फुगवटा असतो आणि तेथून पाण्यातील तरंगांसारख्या वर्तुळाकार रेषा पसरतात. बोटाने चाचपली तरी त्या लागतात. एकच छिलका असेल तर घाई करू नये. एके जागी पुष्कळ छिलके, गाभे व खापरे एकत्र असतील तर तेथे कोणीतरी बसून काम केले होते असे समजावे. मुलांस गोळा करावयास धाडू नये, कारण जागेवरून हललेली कपची निम्मे बोलणे विसरते. शेताचा गट क्रमांक, ओढ्यापासूनचे अंतर, कोणत्या खोलीवर दिसली, कोणास व कोणत्या तारखेस दिसली, एवढे चिठ्ठीवर लिहून पुरातत्त्व खात्याकडे पाठवावे आणि चिठ्ठीची एक नक्कल शाळेच्या दप्तरी ठेवावी.