कोपराला हवं बेताचं काम

लाटणं धरवत नाही, बादली उचलताना कोपरातून कळ जाते, पिळताना ओला कपडा हातातून सुटतो, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बायकांना मी ‘हा टेनिस एल्बो’ असं सांगते, तेव्हा त्यांना हसू येतं. ‘अहो, आम्ही कधी रॅकेट हातात धरलीय?’ २००४ साली सचिन तेंडुलकरला याच दुखण्यामुळे सामने सोडावे लागले आणि हे नाव घराघरांत पोचलं. माझ्याकडे येणाऱ्यांत मात्र खेळाडू थोडे. पोळ्या लाटणाऱ्या बायका, सुतार, रंगारी आणि दिवसभर संगणकावर बसणारेच अधिक.

मनगट वर उचलणारे स्नायू एका कंडरेने कोपराच्या बाहेरच्या हाडाला जोडलेले असतात. कंडरा म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा चिवट दोर. मूठ आवळली की मनगट स्थिर ठेवण्यासाठी याच दोरावर ताण येतो. म्हणून दुखतं कोपर, पण कारण असतं मनगटाच्या कामात.

पूर्वी समज असा होता की ही निव्वळ सूज आहे; विश्रांती घ्या, गोळ्या घ्या, उतरेल. पण जुन्या दुखण्यातली कंडरा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा सुजेच्या खुणा फारशा दिसल्या नाहीत. दिसले ते विस्कटलेले तंतू, झिजलेल्या सुंभासारखे. असा दोर नुसता बांधून ठेवला तर कळ थांबते, पण दोर आणखी दुबळा होतो. पुन्हा कामाला लागलं की दुखणं हजर!

यावर उजेड पडला तो टाचेमागच्या कंडरेमुळे. स्वीडनमधले अस्थिशल्यविशारद हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली १५ धावपटूंचा अनुभव प्रसिद्ध केला. टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम, दिवसाला १८० वेळा, १२ आठवडे. पंधराही जण पुन्हा धावू लागले. मोजून-मापून दिलेला ताण हेच कंडरेचं औषध, हा विचार तिथून जगभर पसरला.

‘मग इंजेक्शन का नको? दोन दिवसांत बरं वाटतं,’ असं पुष्कळजण विचारतात. ऑस्ट्रेलियात टेनिस एल्बोच्या १९८ रुग्णांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनी स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलेले सगळ्यांत पुढे होते. वर्षाअखेर तेच मागे पडले. अनेकांचं दुखणं उलटलं. व्यायाम आणि फिजिओथेरपी घेतलेले वर्षाअखेर सुधारले होते. आणि हेही सांगायला हवं, की नुसती काळजी घेऊन वाट पाहणारेही तेव्हा जवळजवळ तितकेच बरे झाले होते.

आता तुम्ही म्हणाल, मग तुमच्याकडे यायचं कशाला? एका खानावळीत रोज दीड-दोनशे पोळ्या लाटणाऱ्या ताईंनी मला याचं उत्तर दिलं. म्हणाल्या, ‘मॅडम, वर्षभर वाट पाहिली तर पोरांची फी कोण भरणार?’ हातावर पोट असणाऱ्याला लवकर सावरणं हीच खरी गरज असते. आम्ही त्यांचं काम बंद केलं नाही. मालकांशी बोलून निम्मा वेळ लाटणं, निम्मा वेळ वाढप, असं ठरवलं आणि व्यायाम सुरू केला. तीन महिन्यांत त्या पूर्ण वेळ पोळपाटावर होत्या.

व्यायाम साधाच आहे. कोपरापासूनचा हात टेबलावर टेकवा, पंजा कडेबाहेर, तळहात खाली. दुसऱ्या हाताने पंजावर हलका दाब द्या, पण पंजा हलू देऊ नका. ३० सेकंद, असं पाच वेळा. हे सोसू लागलं की हातात अर्ध्या लिटरची भरलेली बाटली घ्या. दुसऱ्या हाताच्या आधाराने मनगट वर न्या आणि चार आकडे मोजत सावकाश खाली सोडा. दहा ते पंधरा वेळा, असे तीन फेरे. वजन हळूहळू वाढवायचं.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. दहापैकी तीन-चार इतकं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमलं, तर ठीक. सकाळी जास्त ठणकलं तर वजन कमी करा. पिशवी उचलताना तळहात वरच्या बाजूला ठेवा. कपडे नळाभोवती अडकवून पिळा.

मात्र हाताला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, सांधा लाल होऊन सुजला असेल, ताप असेल किंवा पडल्यावर दुखणं सुरू झालं असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि एक. ‘करंट लावा, शेक द्या,’ म्हणत लोक महिनोन्‌महिने दवाखान्याच्या खेपा घालतात. शेकाने तात्पुरता आराम पडतो, पण दोर मजबूत होतो तो घरच्या व्यायामाने. कळ आधी थांबते, बळ मागाहून येतं. म्हणून दुखणं गेलं तरी बारा आठवडे पुरे करा. फिजिओथेरपिस्टकडे गेलात की तीन प्रश्न जरूर विचारा : घरी काय करू, किती वेळा करू आणि वजन कधी वाढवू? ही उत्तरं घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.