एका जीन्सची गोष्ट
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं बोलणं)



आज हिशेबाच्या आधी एक गोष्ट सांगते. आपल्या शिवणगटाला गणवेशाची मोठी ऑर्डर मिळाली, म्हणून कर्ज काढून आणखी मशीन घ्यायच्या का, हा विषय आज आहे ना? गोष्ट त्याच्याशी जोडलेली आहे.

अहमदाबादची अरविंद मिल. १९३१ साली लालभाई बंधूंनी सुरू केली. पुढे डेनिमच्या कापडात ती जगातल्या मोठ्या कंपन्यांत गेली. पण तेव्हा ब्रँडची जीन्स खेड्यातल्या पोराला परवडायची नाही. आणि गावात कपडे शिवायचे ते टेलरकडूनच.

मग १९९५ च्या सुमारास अरविंदने 'रफ अँड टफ' आणली. तयार जीन्स नाही, तर पाकीट! त्यात बेतापुरतं डेनिम, चेन, रिव्हेट आणि कंपनीचा बिल्ला. किंमत १९५ रुपये. जाहिरातीत अक्षय कुमार. पाकीट घ्यायचं, आपल्या टेलरकडे द्यायचं, मापाची जीन्स तयार. टेलरला शिलाई मिळायची, म्हणून तोच गिऱ्हाइकाला सांगायचा, "हीच घे." हजारो गावच्या टेलरांनी हा माल खपवला. काही काळ तर रफ अँड टफ देशात सगळ्यात जास्त खपणारी जीन्स होती. परदेशी कंपन्या मागे पडल्या.

मग काय झालं? पहिलं, नकली पाकिटं आली. पाकिटाची नक्कल करणं काही अवघड नव्हतं. दुसरं, बाजारात स्वस्त तयार जीन्स आल्या. हातात घ्या, घालून बघा, घरी न्या! शिवून घेण्याची सवयच सुटत गेली. ज्या सवयीवर धंदा उभा होता, तीच गेली.

तिसरी गोष्ट कंपनीची. डेनिमला मागणी वाढतच राहील असं धरून अरविंदने कर्ज काढून कारखाने वाढवले. १९९० च्या दशकाच्या शेवटी जगभर डेनिमचे भाव पडले. माल होता, भाव नव्हता, व्याज मात्र चालूच. २००१ च्या सुमारास सुमारे २७०० कोटींच्या कर्जाची फेररचना करावी लागली. म्हणजे बँकांपुढे बसून हप्ते नव्याने ठरवायचे. त्यातून कंपनी सावरली, आजही आहे. पण एवढी मोठी मिल होती म्हणून सावरली. आपला गट असा धक्का सोसेल का?

ताई, मी घाबरवायला आले नाही. टेलरला वाटा दिला, तो त्याच्या फायद्यासाठी राबला, ही त्यांची हुशारी आपणही घ्यावी. पण कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी तीन प्रश्न विचारू.

ही ऑर्डर पुढच्या वर्षी आली नाही, तर हप्ता कशातून जाईल?

याच मशीनवर ब्लाउज, पिशव्या, गोधड्या असं दुसरं काय शिवता येईल, आणि ते घेणार कोण?

सगळ्या मशीन आत्ताच हव्यात का? दोन घेऊन, बाकीचं काम घरी मशीन असलेल्या ताईंना वाटून दिलं तर?

उत्तरं मी देणार नाही. ती तुमच्याकडेच आहेत. रजिस्टर उघडा, मागच्या वर्षीचा शिलाईचा हिशेब मोठ्याने वाचू, आणि मग ठराव लिहू.