ऊब जाते कुठे?

श्रोतेहो, आज मी कवितेविषयी बोलणार नाही. बोलणार आहे ते गरम पाण्याविषयी. आमच्या साताऱ्यातल्या घराच्या गच्चीवर सौर बंब आहे. दोनशे लिटरची टाकी, खाली काचेच्या तिरप्या नळ्या. 2024 च्या डिसेंबरात त्याचं पाणी टिकेनासं झालं. संध्याकाळी नळाखाली हात धरवत नसे आणि पहाटे तेच पाणी जेमतेम कोमट.

पहाटेचं पाणी आमच्याकडे सर्वांत आधी लागतं ते अम्माला. वय ऐंशीच्या पुढे, बोटांचे सांधे आखडलेले. फजरच्या नमाजासाठी ती अंधारातच उठून वजू करते. मी पाण्याचं विचारलं, तर म्हणाली, “असू दे रे. थंडीत गार पाण्यानं वजू केला, तर सवाब जास्त मिळतो.” पुण्याचा हिशेब तिच्याकडे पक्का होता, पण त्यानंतर तसबीहचे मणी तिच्या बोटांतून निसटत होते, ते मला दिसत होतं.

मग मी गच्चीवर चढलो. आधी संशय घेतला नळ्यांचा. ही काचेची नळी म्हणजे एक लांबट थर्मासच. एकात एक दोन नळ्या आणि मधली हवा काढून घेतलेली. अशी बाटली जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने 1892 मध्ये प्रयोगशाळेसाठी बनवली. चहा त्यात नंतर आला. नळीच्या टोकाला आतून चंदेरी डाग असतो. आत हवा शिरली की तो पांढरा पडतो. आमच्या सगळ्या नळ्यांचे डाग चंदेरीच होते. शिवाय संध्याकाळी पाणी कढत येत होतं, म्हणजे ऊन आपलं काम करीत होतं.

दुरुस्तीला आलेला माणूस म्हणाला, “साहेब, टाकीत विजेची कॉइल बसवून घ्या.” मी कागदावर मांडून पाहिलं. दोनशे लिटर पाणी पंधरा अंशांनी तापवायचं, तर साधारण साडेतीन युनिट वीज लागते. तीही रोज. फाटक्या खिशात रोज नवे पैसे टाकायचे, पण खिसा शिवायचा नाही, असा तो सल्ला होता.

गंमत म्हणजे हे दुखणं फार जुनं आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी 1891 मध्ये सौर बंबाचं पेटंट घेतलं. काचेच्या झाकणाच्या पेटीत पाण्याच्या टाक्या, अशी साधी रचना. दिवसा पाणी तापायचं आणि रात्री त्याच काचेतून ऊब निघून जायची. 1909 मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी तापवण्याची जागा आणि साठवण्याची जागा वेगळी केली. तापवणारा भाग खाली, उन्हात. टाकी वर, नीट गुंडाळलेली. गरम पाणी हलकं, म्हणून ते आपोआप वर चढतं आणि जड गार पाणी खाली येतं. त्या बंबाचं नावच होतं ‘डे अँड नाइट’. आपल्या गच्चीवरच्या टाक्यांचं तत्त्व तेच आहे. लहानपणीच्या तांब्याच्या बंबात राखेखाली निखारा धुमसत असायचा, म्हणून पाणी गरम राहायचं. सौर बंबाला रात्री निखारा नसतो. मिळालं तेवढंच जपायचं असतं.

शेवटी गल्लीतला प्लंबर आला. पोरगा अठ्ठावीस-तीसचा. त्याने टाकीला हातही लावला नाही. म्हणाला, “सर, आज रात्री टाकीतून घरात येणारा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून झोपा. सकाळी उघडा आणि बघा.” तसं केलं. सकाळी पाण्याला चांगली वाफ! म्हणजे टाकी निर्दोष. चोर घरात होता.

पुढच्या पहाटे व्हॉल्व्ह उघडा ठेवून आम्ही दोघांनी नळ चाचपले. अम्माच्या न्हाणीत गार पाण्याची नळी हाताला कोमट लागली. तिथं मिक्सर होता आणि त्याला बटणाचा हँड शॉवर. दाबलं की पाणी, सोडलं की बंद. प्लंबर म्हणाला, “मिक्सरचे दोन्ही नळ उघडे आहेत. पाणी फक्त पुढच्या बटणावर अडलंय.” दोन्ही नळ उघडे राहिले की गार आणि गरम नळ्या आतून एक होतात. रात्री घरात कुणी संडासाची टाकी सोडली की गार नळीतला दाब उतरतो आणि गच्चीवरचं गरम पाणी मिक्सरमधून तिकडं ओढलं जातं. आमच्या घरात अम्मा गार पाण्यानं वजू करीत होती आणि गरम पाणी संडासात जात होतं!

हा मिक्सर दिवाळीच्या सुमारास मीच हौसेनं बसवला होता, अम्माला बादली उचलावी लागू नये म्हणून. त्याचे गोल नळ पिळताना तिची बोटं दुखत. म्हणून ती नुसतं बटण सोडून द्यायची. हे तिनं मला सांगितलं नव्हतं. कारण “नळ नीट बंद करत जा,” असं मी एकदा सगळ्यांवर ओरडलो होतो.

प्लंबरने मिक्सरच्या मागे दोन्ही नळ्यांना एकाच दिशेनं पाणी सोडणारे व्हॉल्व्ह बसवले आणि गोल नळ काढून दांडीचे लावले. कोपराच्या धक्क्यानंही फिरतात. तुमच्याकडे असं झालं, तर कॉइल घेण्याआधी एक रात्र गरम पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून पाहा. आणि घरात सर्वांत आधी कोण उठतं, त्याला विचारा, ओरडून नव्हे.

दुसऱ्या दिवशी अम्मानं वजू केला. हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “पाणी छान आहे रे. पण माझा सवाब कमी केलास की!”