माप कुणासाठी?
(पारोळा येथील महिला बैठकीतील भाषण)

मैत्रिणींनो, गेल्या बैठकीत एक चिठ्ठी आली. ‘कॅन्सरमुळे एक स्तन काढला. आता आत सिलिकॉन बसवता येईल म्हणतात. माप किती घ्यावं?’ खाली नाव नव्हतं. हा विषय आपल्याकडे अजून पदराखालीच असतो.

हे माप ब्लाऊजसारखं इंचात नसतं, सीसीत असतं. पण आकडा नंतर. आधी छातीवर स्तनाच्या बुडाची रुंदी मोजतात, कातडी किती जाड आहे, किती ताणते ते पाहतात, दुसऱ्या बाजूशी जुळवतात. झेपेल त्याहून मोठं बसवलं तर कातडी पातळ होते, ओघळते, कडा हाताला लागते. रेडिएशन घेतलेलं असेल तर जास्तच जपायचं. ‘थोडं मोठंच घ्या’ असं नवरा म्हणो की डॉक्टर, विचारायचं, कुणासाठी?

ही वस्तू जन्मभराची नव्हे. पुढे काढावी किंवा बदलावी लागू शकते. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने कारखान्यांत वापरायचं सिलिकॉन भरलं होतं, ते २०१० साली उघडकीला आलं. २०१९ साली अ‍ॅलर्गनने खरखरीत पृष्ठभागाचे आपले इम्प्लांट जगभरातून परत घेतले, एका दुर्मिळ लिम्फोमाशी संबंध दिसला म्हणून. तेव्हा कंपनी, प्रकार आणि नंबर लिहिलेलं कार्ड मागून घ्या, रेशनकार्डाशेजारी ठेवा. पुढे तपासण्या असतात. जळगाव-धुळ्याचं भाडंही हिशेबात धरा.

चिठ्ठीवाली बाई इथे बसली असेल तर तिला सांगते. काहीच न बसवणं, किंवा ब्रामध्ये बाहेरून पॅड घालणं, हेही चालतं बरं का. डॉक्टरांकडे जाताना प्रश्न कागदावर लिहून ने. हवं तर मी सोबत येते.