जुनीं भिंगें, नवे कॅमेरे

घरांतील माळा उपसतांना कातडी पेटींत घालून ठेवलेला एखादा जुना कॅमेरा पुष्कळदां हातीं लागतो. त्याची कळ दाबली जात नाहीं, आंतील कापडी पडदा विरलेला असतो, आणि त्याला लागणारी फिल्म मिळालीच तर ती धुऊन देणारा दुकानदार शोधीत हिंडावें लागतें. मंडळी ती वस्तु दिवाणखान्यांतील फळीवर शोभेसाठीं मांडतात, नाहीं तर मोडीच्या भावानें देऊन टाकतात. परंतु त्या कॅमेऱ्याच्या तोंडाशीं बसविलेलें भिंग बहुधा जिवंत असतें. कमान ढिली पडते, कापड कुजतें, कांच मात्र सहसा झिजत नाहीं. नीट घोटलेल्या व एकमेकींपासून नेमक्या अंतरावर बसविलेल्या कांचा साठ-सत्तर वर्षांनंतरहि प्रकाशाला पूर्वीप्रमाणेंच वांकवितात. यामुळें, चित्र फिल्मऐवजीं विद्युत्-संवेदकावर उमटूं लागल्यापासून, जुनीं भिंगें दुरुस्त करून नव्या कॅमेऱ्यांना जोडण्याचा उद्योग जगभर वाढला आहे. त्यांत पैशाची बचत आहे, हौस आहे, आणि कांहीं प्रमाणांत नासधूसहि आहे. ही नासधूस कशी होते हें कळण्यासाठीं प्रथम एक अंतर समजून घ्यावें लागतें.

भिंग कॅमेऱ्याच्या ज्या कड्यावर टेकतें, त्या कड्यापासून फिल्मपर्यंतचें अंतर प्रत्येक जातीच्या कॅमेऱ्यांत ठरलेलें असतें. भिंग बनविणारा कारागीर तें अंतर गृहीत धरूनच आपलीं सर्व मापें बांधतो. लायका कॅमेऱ्याच्या आट्यांच्या जुन्या जातींत हें अंतर २८.८ मिलिमीटर होतें. पुढें ज्या कॅमेऱ्यांत भिंग व फिल्म यांच्यामध्यें हलता आरसा आला, त्यांत आरशाला जागा हवी म्हणून तें वाढलें. १९४९ सालीं ड्रेस्डेन येथें निघालेल्या ‘कॉन्टॅक्स एस’ या कॅमेऱ्याला ४२ मिलिमीटर व्यासाचे आटे होते व अंतर ४५.४६ मिलिमीटर होतें. हे आटे पुढें जपानी, रशियन, जर्मन अशा अनेक कारखानदारांनीं उचलले, आणि त्यामुळें त्या मापाचीं भिंगें आजहि बाजारांत विपुल सांपडतात. १९५९ च्या निकॉन कॅमेऱ्यांत अंतर ४६.५ मिलिमीटर आहे. १९८७ च्या कॅनन ‘ईएफ्’ जातींत ४४. मग २००८ पासून बिनआरशाचे कॅमेरे निघूं लागले आणि अंतर एकदम आखूड झालें: सोनीच्या ‘ई’ जातींत १८, कॅननच्या २०१८ सालच्या जातींत २०, निकॉनच्या त्याच सालच्या जातींत अवघें १६ मिलिमीटर.

आतां राहिली शाळेंतली वजाबाकी. ४५.४६ मधून १८ वजा केले म्हणजे २७.४६ उरतात. तेवढ्या जाडीचें, एका बाजूस जुने आटे व दुसऱ्या बाजूस नव्या कॅमेऱ्याची बैठक असलेलें पोकळ कडें केलें कीं काम झालें. यालाच ॲडॅप्टर किंवा जोडकडें म्हणतात. त्यांत कांच नसते, यंत्र नसतें. असते ती फक्त नेमकी जाडी. कॅननच्या ‘ईएफ्’ जातीसाठीं हीच वजाबाकी १.४६ मिलिमीटरांवर येते, म्हणजे कडें पातळ होतें, पण करतां येतें. आरशाच्या निकॉनसाठीं मात्र उत्तर शून्याखालीं जातें. भिंग १.०४ मिलिमीटर पुढेंच राहतें. एवढ्याशा अंतरानें काय बिघडतें, असें कोणी विचारील. ५० मिलिमीटर नाभीय अंतराचें भिंग एवढें पुढें राहिलें, तर सुमारें अडीच मीटरांपलीकडील कोणतीहि वस्तु स्पष्ट दिसत नाहीं. समोर बसलेल्या माणसाचें चित्र येतें. खिडकींतून दिसणारें झाड धूसरच राहतें. कांहीं कारखानदार यावर उपाय म्हणून कड्यांत एक लहानसें अंतर्वक्र भिंग बसवितात. तो उपाय रोगापेक्षां फारसा बरा नाहीं, कारण उत्तम भिंगाच्या पाठीशीं हलकी कांच लावून चित्राची धार बोथट होते.

बिनआरशाच्या कॅमेऱ्यांतसुद्धां कड्याच्या जाडींत एक दशांश मिलिमीटर जास्त झाला, तर त्याच ५० मिलिमीटरच्या भिंगाची दृष्टि २५ मीटरांवर थांबते. म्हणून स्वस्त कडीं करणारे तीं मुद्दामच किंचित् पातळ करतात. त्यामुळें दूरचें दिसतें खरें, पण भिंगावर कोरलेले अंतराचे आंकडे खोटे ठरतात. नव्या कॅमेऱ्यांच्या नेत्रिकेंत चित्र मोठें करून पाहतां येतें, म्हणून हा दोष व्यवहारांत खपून जातो.

वजाबाकीचें उत्तर प्रतिकूल आलें असतांहि भिंग बसविल्याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. चित्रपट-दिग्दर्शक स्टॅन्ले क्यूब्रिक याला १९७५ सालीं प्रदर्शित झालेल्या ‘बॅरी लिंडन’ या बोलपटांतील कांहीं प्रवेश केवळ मेणबत्त्यांच्या उजेडांत टिपावयाचे होते. त्यासाठीं त्यानें झाइस कंपनीचीं, अमेरिकन अंतराळ-संस्थेकरितां बनविलेलीं ५० मिलिमीटरचीं अत्यंत मोठ्या छिद्राचीं भिंगें मिळविलीं. त्यांचें छिद्र एफ् ०.७ होतें. परंतु त्यांची मागची कांच फिल्मच्या अगदीं लगत, कांहीं मिलिमीटरांवर यावी लागे, आणि कोणत्याहि चलच्चित्र-कॅमेऱ्यांत तेवढी मोकळी जागा नव्हती. एड् डिज्युलिओ या तंत्रज्ञानें मिचेल कंपनीच्या कॅमेऱ्याचा पुढचा भाग कापून काढला, आंतील हलतीं पातीं कमी केलीं, तेव्हां तें भिंग आंत शिरलें. मात्र त्या कॅमेऱ्याला मग दुसरें कोणतेंहि भिंग लावतां येईना. ही गोष्ट डिज्युलिओनें आधींच बजावली होती. क्यूब्रिकनें किंमत समजून उमजून मोजली, आणि कापला गेला तो मुख्यतः कॅमेरा होता.

आज हौशी लोक याच्या उलट करतात. ४२ मिलिमीटरच्या कित्येक भिंगांच्या मागें एक बारीक खुंटी असते. ती आंत दाबली म्हणजे छिद्राच्या पाकळ्या मिटतात. नव्या कॅमेऱ्यांत ती दाबणारें कोणी नाहीं, म्हणून पाकळ्या उघड्याच राहतात. कोणी ती खुंटी डिंकानें चिकटवून टाकतो, कोणी पक्कडीनें तोडतो. ज्या जोडकड्याला आंतून एक बारीकशी पायरी असते, तें कडें खुंटी आपोआप दाबून धरतें. दुकानांत तें साध्या कड्याइतकेंच सहज मिळतें. दुसरे कोणी आरशाला लागतें म्हणून भिंगाची मागची धातूची कड कानसीनें घासतात. जोडकडें बिघडलें तर नवें करतां येतें; त्या जातीचें भिंग आतां कोणी करीत नाहीं. ज्याला कापाकापीच करावयाची असेल त्यानें ती कड्यावर करावी.

दुरुस्तीची गोष्ट याहून नाजूक आहे. उदाहरणादाखल रशियन ‘हेलिऑस-४४’ हें ५८ मिलिमीटरचें भिंग घ्यावें. जर्मनीच्या झाइस कंपनीच्या ‘बायोटार’ या युद्धपूर्व भिंगाच्या रचनेवरून तें मॉस्कोजवळील क्रास्नोगोर्स्क येथें बनूं लागलें, आणि फार मोठ्या संख्येनें बनल्यामुळें शिकाऊ माणसाच्या खिशाला परवडतें. अशा भिंगाचें कडें फिरवितांना पुष्कळदां जड लागतें. आंतील मळसूत्राचें वंगण वाळून चिकट झालेलें असतें, व त्यांतील पातळ तेल सुटून पाकळ्यांवर पसरलेलें असतें. जुनें वंगण पुसून नवें लावणें हें काम अवघड नाहीं, पण एक गोम आहे. या मळसूत्राला एकच धार नसून अनेक धारा असतात. त्यामुळें तें वेगळें झाल्यावर पुन्हां अनेक ठिकाणांहून आंत शिरूं शकतें, आणि त्यांतील एकच ठिकाण बरोबर असतें. आटे सुटतात त्या क्षणीं दोन्ही भागांवर सुईनें खूण केली नाहीं, तर पुढची सबंध दुपार ठिकाण शोधण्यांत जाते. पेचांच्या खांचांना नेमका बसणारा पान्हाच वापरावा; कात्रीचीं टोकें घालून फिरविण्याचा मोह ज्यांनीं आवरला नाहीं, त्यांच्या भिंगांवरचे ओरखडे दुकानदार लांबूनच ओळखतो.

कांचांच्या बाबतींत रोग कोणता व स्वभाव कोणता, हें आधीं ठरवावें. धुळीचे चार कण हा रोग नव्हे. विजेरीचा झोत भिंगांतून पाहिला तर ते चांदण्यांसारखे चमकून भय घालतात, चित्रांत मात्र मुळींच उमटत नाहींत. पुढील कांचेवरचा एखादा ओरखडाहि सहसा बाधत नाहीं. मागील कांचेवरचा अधिक बाधतो. बुरशी हा खरा रोग. कोळ्याच्या जाळ्यासारखे तिचे तंतु पसरतात व त्यांतून स्रवणारें आम्ल कांचेवरील लेपाला आणि पुढें कांचेलाहि खातें. लवकर ध्यानांत आली तर हायड्रोजन पेरॉक्साइड व अमोनिया यांच्या सौम्य मिश्रणानें ती धुऊन जाते. कांच एकदां खाल्ली गेली म्हणजे कोणतेंहि धुणें उपयोगी पडत नाहीं. दोन कांचा जेथें एकमेकींस चिकटविलेल्या असतात, तेथें जुन्या काळीं ‘कॅनडा बाल्सम’ नांवाची झाडाची राळ वापरीत. ती सुटली कीं कडेला इंद्रधनुष्यासारखे डाग दिसतात. तें काम जाणत्या कारागिराकडे सोंपवावें, हें बरें.

कांहीं जुन्या भिंगांचा पिंवळेपणा ही निराळीच गोष्ट आहे. अधिक वक्रीभवन साधावें म्हणून कांचेंत थोरियम हा किरणोत्सर्गी पदार्थ घालण्याची कित्येक कारखान्यांत पद्धत होती. जपानी ‘ताकुमार’ जातीचें ५० मिलिमीटर, एफ् १.४ हें भिंग त्याचें ठळक उदाहरण. या किरणांच्या योगानें वर्षानुवर्षें कांच चहासारखी पिंवळसर होत जाते. पाहणाऱ्याला वाटतें, भिंग कायमचें गेलें. पण उन्हांतील जंबुपार किरण तिच्यावर पाडीत राहिल्यास कांहीं दिवसांत किंवा आठवड्यांत पिंवळेपणा बराचसा ओसरतो. मात्र भिंग उन्हांत ठेवून निघून जाऊं नये. तें ऊन एकवटून मागील लांकूड किंवा कापड पेटवूं शकतें. आणि असली कांच कधींहि घासूं नये, कारण तिची धूळ श्वासावाटे पोटांत जाणें खरोखरीच अपायकारक आहे.

घासण्याविषयीं आणखी थोडें. पूर्वीच्या भिंगांवर प्रतिबिंब मारणारा लेप नसे. हवा व कांच यांच्या प्रत्येक सीमेवर शेंकडा सुमारें ४ टक्के प्रकाश परत फिरतो; ‘बायोटार’च्या रचनेंत अशा ८ सीमा आहेत, म्हणजे लेप नसेल तर चतुर्थांशाहून अधिक प्रकाश वाटेंतच जातो आणि आंतल्या आंत भटकून चित्र फिकट करतो. १९३५ सालीं झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला यानें कांचेवर अतिसूक्ष्म लेप चढविण्याची रीति काढली. पण त्याच्या पुष्कळ आधीं, १८९० नंतरच्या दशकांत, इंग्लंडमधील यॉर्कचा डेनिस टेलर याला एक चमत्कारिक गोष्ट आढळली होती. हवेनें काळवंडलेली जुनी कांच नव्या झगझगीत कांचेपेक्षां अधिक प्रकाश आंत सोडते! ती निळसर झांक म्हणजे निसर्गानेंच चढविलेला पातळ लेप होता. अजूनहि कित्येक दुरुस्त करणारे ही झांक मळ समजून पूड लावून घोटतात. त्या घोटण्यानें गुण जातो, आणि कांचेचा बांकहि बिघडतो.

तसाच ‘बायोटार’ व ‘हेलिऑस’ यांचा भोंवरा. माणसामागें झाडी असली तर तिच्या पानांतून येणारे प्रकाशाचे ठिपके या भिंगांत गोल न राहतां कडेकडेला बदामाच्या आकाराचे होतात, आणि सबंध पार्श्वभूमि माणसाभोंवतीं फिरत असल्याचा भास होतो. गणिताच्या दृष्टीनें हा दोषच होय. कडेच्या किरणांना भिंगाची नळी अंशतः अडविते व कडेचें चित्र सपाट पडत नाहीं, यांतून तो उद्भवतो. ज्यांनीं तें भिंग बनविलें ते तो झांकूं पाहत होते; आज ग्राहक त्याच्यासाठींच पैसे मोजतात. हा भोंवरा दुरुस्तीनें जात नाहीं, आणि जाऊंहि नये.

मुंबई, कोंकण व गोवा या भागांत मात्र दुरुस्तीपेक्षां राखण्याचीच विवंचना अधिक असते. आषाढ-श्रावणांत हवाच इतकी दमट असते कीं बंद कपाटांत बुरशीला आयतें माहेर मिळतें. कातडी पेटी दिसावयास सुंदर, पण ओल धरून ठेवण्यांत तिच्यासारखी दुसरी वस्तु नाहीं. भिंग तिच्यांत कधींहि ठेवूं नये. घट्ट झांकणाचा डबा घ्यावा, आंत सिलिका जेलच्या पुड्या घालाव्या, आणि त्या ओल्या झाल्या कीं तापवून पुन्हां कोरड्या कराव्या. ज्यांच्यापाशीं भिंगें अधिक असतील त्यांनीं आर्द्रता शेंकडा ४० ते ५० राखणारी विजेची पेटी आणावी. त्याहून कमी करूं नये, कारण अति कोरड्या हवेंत जुनें वंगण लवकर वाळतें. आणि पावसाळ्यांत पंधरवड्यांतून एकदां तरी प्रत्येक भिंग बाहेर काढून कॅमेऱ्याला लावावें, त्याचीं कडीं दोन्ही टोंकांपर्यंत फिरवावीं, व चार चित्रें घ्यावीं.